मायनसवरचे २४० मिलिव्होल्ट

लाल स्टिकर लावलेले आठ खोके स्टोअर्सच्या दाराशी दोन आठवडे तसेच पडून होते. एकेका खोक्यात पंचवीस, असे २०० एसएमपीएस, म्हणजे मेन्सच्या एसीचा कमी व्होल्टचा डीसी करून देणारे वीजपुरवठ्याचे डबे. २४ व्होल्ट, अडीच अँपिअरचे, आमच्या कंट्रोल पॅनेलच्या पोटात बसणारे. गणपती तोंडावर आलेले. पॅनेल सुट्टीच्या आधी रवाना व्हायला हवे होते आणि ते अडले होते माझ्या सहीच्या एका कागदापायी. कागदावर लिहिलं होतं: ‘रिपल जास्त. मर्यादा १५० मिलिव्होल्ट, मोजला ३६० ते ४४०. लॉट नापास.’ रिपल म्हणजे डीसीवर उरलेला बारीक चढउतार.

पुरवठादार नाशिकचा. तिकडून रोज फोन. “साहेब, आमच्याकडे ७५ येतोय. तुमचा स्कोप एकदा बघून घ्या ना.” मी सांगायचो, स्कोपला (म्हणजे ऑसिलोस्कोपला, व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मान्यतेच्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे, मुदत संपायला अजून सात महिने आहेत. तिकडून उत्तर यायचं, आमच्याही स्कोपला आहे. दोघंही खरं बोलत होतो, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात इनकमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे येणाऱ्या मालाची तपासणी, बघायला लागून मला अकरा वर्षं झाली. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की यात चुकलेलं यंत्र एकही नव्हतं.

काय मोजत होतो

एसएमपीएस २३० व्होल्टचा एसी आधी सरळ करतो. त्यातून साधारण ३२५ व्होल्टचा डीसी तयार होतो, मग एक मॉसफेट (झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो, ते तुकडे ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जातात आणि तिथे डायोड व कॅपॅसिटर मिळून त्यांचा पुन्हा सपाट डीसी करतात. आमच्या मालात तुकडे पाडायचा वेग ६५ किलोहर्ट्झ होता. ६५ च का, तर वायरीतून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाचे नियम १५० किलोहर्ट्झपासून लागू होतात. ६५ ची दुप्पट १३० झाली तरी ती त्या रेषेच्या खालीच राहते. डिझायनर लोकांची जुनी पळवाट आहे ही.

सपाट डीसी म्हटलं तरी तो पूर्ण सपाट नसतो. त्यावर ६५ किलोहर्ट्झचं करवतीच्या दात्यांसारखं बारीक चढउताराचं काम चालू असतं, थोडा १०० हर्ट्झचा हेलकावा असतो आणि मॉसफेट चालू-बंद होतो त्या क्षणाला टाचणीसारखे अणकुचीदार काटे येतात. या सगळ्याचा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा पल्ला म्हणजे आपण ज्याला ढोबळपणे रिपल म्हणतो तो आकडा. आमच्या पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, एकच ओळ होती: ‘रिपल १५० मिलिव्होल्टपेक्षा कमी’. कसा मोजायचा, याबद्दल अक्षर नाही. ती ओळ मीच लिहिली होती.

मांडणी साधी. १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल स्कोप, टेन-एक्सवर (म्हणजे सिग्नल दहापट लहान करून देणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेला नेहमीचा प्रोब, म्हणजे मोजायच्या जागी टेकवायची स्कोपची केबल, लोड म्हणून १० ओहम १०० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. २४ व्होल्टला २.४ अँपिअर, म्हणजे ५८ वॉटच्या आसपास. पाच मिनिटांत रेझिस्टरचा तापलेला वास टेबलभर पसरतो. प्रोबचं टोक प्लसला, काळ्या वायरीची मगर-क्लिप मायनसला, स्कोप एसी कपलिंगवर (म्हणजे २४ व्होल्टचा स्थिर भाग वगळून फक्त चढउतार), आणि पीक-टू-पीकचा आकडा पडद्यावरून सरळ उचलून रजिस्टरमध्ये. लॉट २०० चा असल्यामुळे आयएस २५०० या नमुना तपासणीच्या भारतीय मानकाच्या तक्त्याप्रमाणे ३२ नग काढले होते. एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी, १.५. म्हणजे एक नापास निघाला तर लॉट घ्यायचा, दोन निघाले तर परत. माझ्याकडे ३२ पैकी ३२ नापास होते.

खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. चांगल्या कारखान्याचा माल इतका एकजात वाईट नसतो. पण आकडा पडद्यावर तीन अंकी दिसला की माणूस मान डोलावतो.

आधी ज्या शंका आल्या

सगळ्यात जुनी चूक वन-एक्स आणि टेन-एक्सची. प्रोबवर बटण एक, स्कोपच्या मेन्यूत आकडा दुसरा. पण तशी चूक असती तर दहापटीचा फरक पडला असता. इथे आमचा आकडा त्यांच्या पाचपट होता. पाचपट हा फरक कुठल्याच बटणाने येत नाही.

मग प्रोबचं कॉम्पेन्सेशन. स्कोपच्या पुढच्या पट्टीवर एक किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग मिळतो, त्याला प्रोब लावून स्क्रू फिरवायचा आणि कोपरे काटकोनात आणायचे. ते ठीक होतं. लोड बदलून पाहिला, स्कोप दुसऱ्या सॉकेटवर लावला, आकडा ३८० वरून ३९५ झाला, पुन्हा ३७० झाला. एक गोष्ट लक्षात आली होती, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही: काळी वायर टेबलावर कशी पडली आहे त्यावर आकडा हलत होता.

आमच्या मेंटेनन्सच्या काकांनी सुचवलं, स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून बघ, आम्ही टीव्ही रिपेअरिंगच्या काळात तेच करायचो. काकांचा अनुभव माझ्या वयाएवढा आहे, तरी मी नाही म्हटलं. प्रोबची मगर-क्लिप आतून स्कोपच्या धातूच्या अंगाला आणि तिथून अर्थला जोडलेली असते. अर्थ तोडली आणि क्लिप चुकून एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूला लागली, तर स्कोपचं अख्खं अंग मेन्सवर जातं. अर्थ जोडलेली असताना तीच चूक केली तर फ्यूज उडतो, प्रोब जळतो. तोडलेली असताना माणूस जातो. आउटपुटची बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी झालेली असते, तिथे क्लिप लावायला हरकत नसते. मेन्सच्या बाजूला मोजायचंच असेल तर डिफरन्शिअल प्रोब आणावा, त्याचं कुठलंच टोक अर्थला जोडलेलं नसतं. महाग असतो, पण आणावा.

मायनसला मायनस

शेवटी नाशिकहून त्यांच्या टेस्टिंगच्या मॅडम स्वतः आल्या. वय पंचवीस-सव्वीस असेल, पाठीला सॅक, सकाळच्या बसने थेट भोसरीत. मी मनातून भांडायच्या तयारीत होतो. त्यांनी चहा घेतला, माझी मांडणी दोन मिनिटं नुसती पाहिली, आणि म्हणाल्या, “सर, एक विचारू? प्रोबचं टोकसुद्धा मायनसलाच लावून बघायचं का?”

“मायनसला? तिथे शून्यच दिसणार.”

“हो. म्हणूनच.”

मगर-क्लिप मायनसच्या स्क्रूवर होतीच. मी टोक त्याच स्क्रूवर टेकवलं, क्लिपला खेटून. दोन्ही टोकं एकाच पितळी स्क्रूवर, मध्ये अर्धा सेंटिमीटरही अंतर नाही. पडद्यावर २४० मिलिव्होल्ट.

मी टोक दाबून धरलं. २४०. स्क्रू खरवडला. २३५. एका धातूच्या तुकड्यावर, स्वतःच्याच दोन बिंदूंमध्ये पाव व्होल्ट असू शकत नाही, आणि माझा कॅलिब्रेट केलेला स्कोप तो दाखवत होता. म्हणजे या नगाच्या माझ्या ३९० मधला निम्म्याहून मोठा हिस्सा एसएमपीएसमधून येतच नव्हता. तो माझ्या टेबलावर तयार होत होता.

त्यापुढचा दिवस आम्ही एकाच नगावर घालवला. मी आयुष्यात सगळ्यात जास्त शिकलो अशा दिवसांपैकी तो एक.

पहिला उद्योग असा. मॅडमनी प्रोबचं टोक त्याच्याच मगर-क्लिपला लावलं. टोक, प्रोबची नळी, काळी वायर, क्लिप आणि पुन्हा टोक, असं पंधरा सेंटिमीटर वायरीचं एक कडं झालं. ते कुठेही न टेकवता चालू एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरपासून तीन बोटांवर हवेत धरलं. ९० मिलिव्होल्ट. मनगट फिरवून कडं आडवं केलं, ३०. पुन्हा उभं, ९०. टीव्हीचा जुना अँटेना फिरवल्यासारखं.

हा फॅरेडेचा १८३१ चा नियम, शाळेत सगळेच पाठ करतो. कड्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की कड्यात व्होल्टेज तयार होतं, बदल जितका झपाट्याने तितकं जास्त. कड्याचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर धरा आणि एक मायक्रोटेस्लाचा बदल दहा नॅनोसेकंदांत होतोय असं धरा. गुणाकार केला की बरोबर १०० मिलिव्होल्ट येतात. एक मायक्रोटेस्ला म्हणजे काहीच नाही, आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्रच चाळीसच्या आसपास असतं. पण पृथ्वी शांत असते आणि मॉसफेट दहा-वीस नॅनोसेकंदांत चालू-बंद होतो.

(इथे थोडं विषयांतर. पृथ्वीचं हे क्षेत्र मोजण्याचं काम मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चालत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी नासतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं आणि तिथली इमारतही चुंबकीय नसलेल्या साहित्याची बांधली. त्या लोकांनी गोंगाट टाळायला खाडी ओलांडली. मला पंधरा सेंटिमीटरची वायर काढायची होती, ती अकरा वर्षांत काढावीशी वाटली नाही.)

९० चा हिशोब लागला, पण स्क्रूवर २४० होते. मधल्या १५० चं काय? टोक-क्लिप एकत्र ठेवूनच मॅडमनी ते कडं पुन्हा मायनसला टेकवलं, आकडा टुणकन २४० वर. एसएमपीएसमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक छोटा वाय-कॅपॅसिटर असतो. डीसीला ती भिंत असते, पण मेगाहर्ट्झमधल्या काट्यांना दार उघडं. आउटपुटचे प्लस आणि मायनस दोन्ही मिळून अर्थच्या तुलनेत एकदम उडी मारतात, आणि क्लिप टेकवली की त्या उडीला अर्थकडे जायला रस्ता मिळतो: काळी वायर, प्रोबच्या केबलचं वरचं जाळीचं आवरण, स्कोपचं अंग, प्लगची पिन. काळ्या वायरीतून हा प्रवाह जाताना तिच्या दोन टोकांत व्होल्टेज पडतं, आणि स्कोपला ते सिग्नलच वाटतं. खात्री करायला पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या गल्लीतून कधीतरी आणून ठेवलेलं फेराइटचं कडं शोधलं आणि प्रोबच्या केबलचे त्यातून चार वेढे घेतले. २४० चे १५० झाले. सिग्नलला हात न लावता नुसत्या केबलला वेढे दिल्याने आकडा उतरत असेल, तर तो आकडा त्या रस्त्यानेच येतो, हे मान्य करावं लागतं.

राहिला काट्यांचा आकार. मी टाइमबेस, म्हणजे पडद्याच्या एका चौकटीची वेळ, दहा नॅनोसेकंदांवर आणला. टाचणी वाटत होती ती टाचणी नव्हतीच, एक हळूहळू विरत जाणारी थरथर होती, देवळातली घंटा वाजवून सोडल्यासारखी. एका चौकटीत जेमतेम एक लाट, म्हणजे आठ-साडेआठ नॅनोसेकंद, साधारण १२० मेगाहर्ट्झ. मॅडमनी माझ्याच रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: सरळ वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानाने मिलिमीटरला एक नॅनोहेन्री, म्हणजे पंधरा सेंटिमीटरला १५०. प्रोबच्या टोकाचं कॅपॅसिटन्स १२ पिकोफॅराड. या दोघांची नैसर्गिक वारंवारता ११९ मेगाहर्ट्झ येते. एसएमपीएसमध्ये त्या वारंवारतेचं काहीही नव्हतं. घंटा माझीच होती, एसएमपीएस तिला फक्त टोला देत होता.

आपण प्रोबवर ‘१० मेगओहम’ वाचतो (टोकातले नऊ आणि स्कोपच्या तोंडाचा एक) आणि समजतो की एवढ्याने सर्किटला काय फरक पडणार. डीसीला ते खरंच आहे. पण त्याच टोकाचे १२ पिकोफॅराड १०० मेगाहर्ट्झला सुमारे १३० ओहमसारखे वागतात. प्रोब टेकवला की आपण सर्किटला एक नवा भाग जोडतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी दिसलं.

स्प्रिंग

उपाय आमच्याच ड्रॉवरमध्ये पडून होता. प्रोब विकत घेताना त्याबरोबर एक लहान प्लास्टिकची पिशवी येते: रंगीत कडी, स्क्रू फिरवायची काडी, आणि नखाएवढी एक स्प्रिंग. आमची पिशवी स्टेपलसुद्धा न काढता तशीच होती. प्रोबचं हूकचं टोपण काढलं की खाली उघडी टाचणी आणि तिच्याभोवती धातूचं ग्राउंडचं कडं दिसतं. स्प्रिंग त्या कड्यावर चढवायची, तिची शेपटी टाचणीपासून सात-आठ मिलिमीटरवर येते. काळी वायर बाद. आउटपुटच्या प्लस-मायनसला दोन छोटे तांब्याचे तुकडे डाग देऊन जवळ आणले, टाचणी एकावर, शेपटी दुसऱ्यावर. हात स्थिर ठेवावा लागतो, दोघांत मिळून एक काम.

आधी पुन्हा तीच परीक्षा, दोन्ही मायनसला. १५ मिलिव्होल्ट. तो बराचसा टेन-एक्स प्रोब आणि स्कोपचा स्वतःचा गोंगाट. आता आउटपुट: १३०. स्कोपमधली २० मेगाहर्ट्झची मर्यादा (त्याहून वेगवान चढउतार गाळणारी) चालू केली: ८८. मॅडमच्या पद्धतीने, म्हणजे आउटपुटपासून फूटभर पीळ दिलेली वायरची जोडी, तिच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक आणि ४७ मायक्रोफॅराडचा इलेक्ट्रोलिटिक, आणि तिथे मोजायचं: ७४.

सकाळचे ३९०, दुपारचे ७४. नग तोच, स्कोप तोच, लोड तोच.

यातला खरा कुठला, असं आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गैरसोयीचं. ३९० खोटा, याबद्दल वाद नाही. पण १३०, ८८ आणि ७४ हे तिन्ही खरे आहेत, तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. २० मेगाहर्ट्झ हा शुद्ध करार आहे. संगणकाच्या एटीएक्स सप्लायच्या नियमातही तसंच लिहिलेलं असतं: २० मेगाहर्ट्झची मर्यादा, टोकाला १० आणि ०.१ मायक्रोफॅराड, १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टपर्यंत चालेल. सगळे एकाच पद्धतीने मोजतात म्हणून आकड्यांची तुलना होऊ शकते, हा त्याचा फायदा. पण २० मेगाहर्ट्झच्या वर जे आहे ते त्यामुळे नाहीसं होत नाही. तुमच्या पॅनेलमध्ये नाजूक सेन्सर किंवा रेडिओ असेल तर तो वरचा भागच तुम्हाला त्रास देईल, तेव्हा पूर्ण बँडविड्थचा १३० हाच तुमचा आकडा. आमच्याकडे रिले, कॉन्टॅक्टर आणि पीएलसी (पॅनेल चालवणारा छोटा संगणक). आम्हाला ८८ पुरे. टोकाला कॅपॅसिटर लावून ७४ करणं मला आजही थोडं लाडाचं वाटतं, पण डेटाशीटमध्ये तसं लिहिलं असेल तर भांडायला जागा नाही.

एक धोका सांगून ठेवतो, कारण स्प्रिंगपेक्षा चांगलं म्हणून लोक कोअॅक्स केबल सरळ डाग देऊन लावतात आणि स्कोपच्या टोकाला ५० ओहम निवडतात. पद्धत उत्तम आहे, पण २४ व्होल्ट थेट ५० ओहमवर म्हणजे साडेअकरा वॉट. स्कोपचं ते तोंड तेवढं सोसत नाही. मध्ये डीसी अडवणारा कॅपॅसिटर हवाच. आणि काहीजण रिपलसाठी प्रोब वन-एक्सवर ठेवतात, गोंगाट कमी दिसतो म्हणून. तो दिसतो कमी, कारण वन-एक्सवर प्रोबची स्वतःची बँडविड्थ जेमतेम सहा ते दहा मेगाहर्ट्झ उरते.

आणि सर्टिफिकेट? तेही खोटं नव्हतं. लॅबवाले कॅलिब्रेटरची केबल थेट स्कोपच्या बीएनसीला, म्हणजे केबल जोडायच्या तोंडाला, लावतात आणि उभ्या पट्टीचं माप, वेळेचं माप, बँडविड्थ तपासतात. साध्या स्कोपला व्होल्टेजमध्ये तीन टक्क्यांची सूट असते, आमचा त्यात बसत होता. काळी वायर त्या कागदावर कुठेच नसते. सर्टिफिकेट बीएनसीपाशी संपतं.

सात आणि एकोणीस

दुसऱ्या दिवशी ठरलं: स्प्रिंग, २० मेगाहर्ट्झ, टोकाला कॅपॅसिटर नाही, आणि बाजूला ठेवलेले तेच ३२ नग पुन्हा. आता २० मिलिव्होल्टच्या पट्टीवर (पडद्याच्या एका उभ्या चौकटीला २०) काम चाललं होतं. आठ बिटच्या स्कोपमध्ये उभ्या पडद्याच्या २५६ पायऱ्या असतात. आधी १०० च्या पट्टीवर एक पायरी तीन मिलिव्होल्टची होती, आता अर्ध्या-पाऊणची. दाते स्वच्छ दिसू लागले.

८६, ९१, ८८, ८४, ९०, ८७. मी लिहीत होतो, मॅडम प्रोब धरून होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत होता. सातवा नग पडद्याबाहेर गेला. पट्टी बदलली: १७२. दोनदा लावला, १७२. पुढचे पुन्हा ऐंशी-नव्वदच्या घरात. एकोणिसावा १६८. बाकी सगळे पास.

मी मागचं पान उलटलं. पहिल्या वेळी सात नंबरला ४१५ लिहिले होते, एकोणीसला ४३०. आणि सगळ्यात मोठा ४४० होता बावीस नंबरला, जो आता ८९ वर ठणठणीत होता. दोन खरे आजारी नग माझ्या पहिल्या रजिस्टरमध्ये त्या गर्दीत आरामात बसले होते. समजा मी वैतागून ‘हा मोजण्यातला गोंगाट, सोडा’ म्हणत लॉट पास केला असता, तर ते पॅनेलमध्ये गेले असते. भांडणाच्या नवव्या-दहाव्या दिवशी हा विचार माझ्या मनात आलाही होता.

आकडा जवळजवळ दुप्पट, म्हणून संशय आउटपुटच्या कॅपॅसिटरवर. तिथे १००० मायक्रोफॅराडचे दोन शेजारीशेजारी, समांतर. ६५ किलोहर्ट्झला रिपल ठरवतो तो मुख्यत्वे कॅपॅसिटरचा आतला रोध, इएसआर. दोनातला एक गळाला की तो दुप्पट. मी झाकण उघडून बोर्ड उलटा केला, कॅपॅसिटर रिकामे केले आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून पायापासून ट्रॅकपर्यंत तपासलं. बीप. चारही पायांना बीप. मग खालून भिंग लावलं. एका कॅपॅसिटरच्या मायनस पायाभोवती केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर, म्हणजे पायाला नीट न धरलेला डाग. मल्टिमीटरचं टोक मी पायावर दाबत होतो आणि दाबल्यामुळे पाय डागाला टेकत होता. हात हलका केला, बीप गेली. जोर दिला, आली. पुन्हा तेच: मोजायला गेलो आणि मोजण्याच्या जोराने जे तपासायचं तेच बदललं.

न दाबता कसं तपासायचं? एलसीआर मीटर (कॅपॅसिटन्स मोजणारा) आउटपुटच्या स्क्रूंना लावला, बोर्डाला स्पर्शच नाही. १०० हर्ट्झ, कारण इलेक्ट्रोलिटिकचा छापील आकडा त्याच वारंवारतेच्या आसपासचा असतो, आणि चाचणीचं व्होल्टेज मुद्दाम कमी, म्हणजे वाटेतला डायोड चालू होणार नाही. चांगल्या नगाला १९३० मायक्रोफॅराड. सात नंबरला ९६५. एकोणीसला ९५०. दहा सेकंदांचं काम.

मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे सर, ३२ मध्ये दोन.”

“हो.”

“म्हणजे लॉट नापासच.”

तक्ता तसंच सांगत होता. एक असता तर घेतला असता.

त्यांनी संध्याकाळी तिथूनच नाशिकला फोन लावला, आणि दोन दिवसांनी कळलं ते मला या सगळ्यात जास्त आवडलेलं आहे. त्यांच्याकडे प्रत्येक बोर्ड टेस्ट जिगवर जातो. जिगमध्ये खालून स्प्रिंगच्या पिना बोर्डाला टेकतात आणि वरून झाकण दाबतं. मायनसची पिन नेमकी त्याच डागावर येत होती. प्रत्येक चिरलेला डाग जिगवर असेपर्यंत दाबून जोडलेला राहायचा, रिपल ७५-८० दाखवायचा, पास व्हायचा आणि जिगमधून बाहेर आला की सुटायचा. चीर पडायचं कारण म्हणजे त्या पायाभोवती तांब्याचा रुंद पट्टा होता, तो सोल्डरची उष्णता ओढून घ्यायचा आणि डाग नीट वितळायचाच नाही. त्यांनी पिन दुसरीकडे हलवली, २०० च्या २०० नगांना एलसीआर लावला, अकरा काढले. ते दुरुस्त करून माल गणपतीनंतर पाठवला. पॅनेल दहा दिवस उशिरा गेले. साहेबांची बोलणी मी खाल्ली.

पीओमधली ती ओळ आता अशी आहे: ‘रिपल व नॉइज १५० मिलिव्होल्टपेक्षा कमी, पूर्ण लोडवर, २० मेगाहर्ट्झ, प्रोब स्प्रिंग ग्राउंडसह, आउटपुटच्या स्क्रूपाशी; त्याआधी मायनस-मायनस मापन २० मिलिव्होल्टच्या आत असल्याची नोंद.’

लाल स्टिकर काढायची वेळ आलीच नाही. खोके नाशिकला परत निघाले तेव्हा मी रिपोर्टवरचं ‘३६० ते ४४०’ खोडलं, खाली ‘नग ७ व १९, आउटपुट कॅपॅसिटर, ड्राय सोल्डर’ असं लिहिलं आणि जुन्याच सहीखाली तारीख टाकून दुसरी सही केली.